भाकरीच्या एका घासातलं जीवशास्त्र

दुपारी दीड वाजला की सोलापूरच्या अभ्यासिकांमध्ये डबे उघडतात. काही मेसचे, काही गावाकडून सकाळच्या एसटीनं आलेले. मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठून कुठून. झाकण निघालं की आत ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, जमलं तर एखादी पातळ भाजी. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी विज्ञान शिकवते. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात वही धरून पाठ करत बसला होता. "टायलिन तोंड, पेप्सिन जठर, ट्रिप्सिन स्वादुपिंड." मला बघून म्हणाला, "ताई, हे टायलिन आणि ट्रिप्सिन लई गोंधळ घालतंय. दोन्ही पर्यायात येतात."

मी म्हटलं, "तोंडातला घास लगेच गिळू नको. मिनिटभर नुसता चावत राहा, आणि चव कशी लागते सांग."

त्यानं चावला. चटणी न लावलेला कोरडा घास होता. थोड्या वेळानं म्हणाला, "गोडसर लागतंय की."

"ते गोड लागतंय ना, ते टायलिनचं काम."

त्याचा तो गोंधळ तिथंच मिटला. माझं मत असं झालंय, की जीवशास्त्र अवघड वाटतं ते आपण त्याचे तुकडे करून शिकतो म्हणून. पचन एका प्रकरणात, श्वसन दुसऱ्यात, रक्त तिसऱ्यात, वनस्पती तर वेगळ्याच भागात. भाकरीचा घास मात्र या सगळ्यांतून सलग जातो. आज त्याच्याच मागं जाऊ.

काळ्या रानात

सुरुवात डब्यापासून नाही, रानापासून करावी लागेल. आपल्याकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पावसाळा सरत आलेला असतो, पुढं मोठा पाऊस मिळेलच असं नाही. काळ्या जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर पीक उभं राहतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतं. मालदांडी हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. एवढ्या कमी पाण्यात हे पीक येतं कसं, या एका प्रश्नातून प्रकाशसंश्लेषणाचा निम्मा भाग उलगडतो.

पानापुढं एक पेच असतो. अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा, आणि तो हवेत जेमतेम ०.०४ टक्के. तो आत घ्यायला पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. दार उघडं ठेवावं तर पाणी जातं, बंद ठेवावं तर अन्न बनत नाही. त्यात आणखी एक अडचण. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, उन्हाच्या तडाख्यात चुकतं आणि त्याच्याऐवजी ऑक्सिजन पकडून बसतं. केलेलं काम वाया जातं. गहू, भात, तूर, कापूस, भुईमूग या पिकांना हा तोटा सोसावा लागतो. त्यांच्यात तयार होणारा पहिला पदार्थ तीन कार्बनचा असतो, म्हणून ती सी-३ वनस्पती.

ज्वारीनं यावर वाट काढलेली आहे. तिच्या पानात काम दोन खोल्यांत चालतं. बाहेरच्या पेशींत एक वेगळं विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं. हे विकर ऑक्सिजनला फसत नाही. त्यातून चार कार्बनचं आम्ल तयार होतं, म्हणून सी-४. ते आम्ल शिरांभोवती माळेसारख्या बसलेल्या आतल्या पेशींत जातं आणि तिथं कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. रुबिस्को आत बसलेलं, त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडची गर्दी, त्यामुळं चुकायला वावच कमी. पर्णरंध्रं थोडी उघडली तरी भागतं आणि पाणी वाचतं. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही चारही सी-४. परीक्षेत 'क्रांझ रचना' असा शब्द येतो, तो याच माळेसाठी. क्रांझ म्हणजे जर्मन भाषेत हार. तिसरी तऱ्हा निवडुंग, घायपात आणि अननसाची. ही झाडं रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात आणि दिवसा दारं लावून काम करतात. ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्याच कुळातलं, तेही तसंच वागतं.

इथला एक प्रश्न फार जणांचा चुकतो. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कशातून येतो? बहुतेक मुलं कार्बन डायऑक्साइड म्हणतात. उत्तर पाणी. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेनं हरितलवकात पाण्याचा रेणू फुटतो, हायड्रोजन पुढच्या कामाला लागतो आणि ऑक्सिजन बाहेर सोडला जातो. हरितलवकातल्या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आपल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. जीवनसत्त्व बी-१२ मध्ये कोबाल्ट आणि थायरॉक्सिनमध्ये आयोडीन. ही चौकडी एकदम लक्षात ठेवा, जोड्या लावायला हमखास येते.

पानात बनलेली साखर दाण्याकडं धावते. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा रानात हुरडा आलेला असतो. हुरडा गोड का लागतो आणि तीच ज्वारी पिकली की गोडी कुठं जाते? कोवळ्या दाण्यात साखर अजून साखरेच्याच रूपात असते. दाणा भरत जातो तसे ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांना जोडून त्यांचा स्टार्च बनतो, म्हणजेच पिष्ट. जिभेला सुटी साखर कळते, साखळीत अडकलेली कळत नाही. पक्क्या ज्वारीत सुमारे ७० टक्के कर्बोदकं असतात आणि १० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. ही शिदोरी ज्वारीनं स्वतःच्या अंकुरासाठी ठेवलेली असते. ती आपण खातो.

परातीत

पोळीची कणीक गार पाण्यात मळली तरी लाटता येते. भाकरीला मात्र उकळतं पाणी लागतं, आणि ती थापावी लागते. गव्हातली प्रथिनं पाण्यात भिजली की एकमेकांत गुंतून ग्लूटेनचं रबरासारखं जाळं विणतात. ज्वारीत ते जाळं तयार होत नाही. म्हणून आई गरम पाणी घालते. गरम पाण्यात पिष्टाचे कण फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. भाकरीला धरून ठेवते ती ही खळ. ग्लूटेन न सोसणाऱ्या, म्हणजे सिलिअॅक आजाराच्या माणसाला ज्वारी चालते, तीही याच कारणानं.

खळ हा शब्द सोलापूरला नवा नाही. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ द्यायची, म्हणजे धागा ताठ राहतो आणि घासून तुटत नाही. ही खळही पिष्टाचीच. कापड विणून झालं की ती काढून टाकावी लागते, नाहीतर रंग नीट बसत नाही. कारखान्यात ती काढायला अमायलेज नावाचं विकर वापरतात. आपल्या लाळेत असतं त्याच जातीचं. टायलिन म्हणजे लाळेतलं अमायलेज.

इथं थोडं थांबा, कारण विकरांबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथं आहे. कापसाचा धागा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो, आणि सेल्युलोजही ग्लुकोजच्याच रेणूंची साखळी. खळही ग्लुकोजची, धागाही ग्लुकोजचा. तरी अमायलेज खळ तेवढी कुरतडतं आणि धाग्याला हातही लावत नाही. फरक फक्त जोडणीचा आहे. पिष्टात ग्लुकोजचे रेणू एका बाजूनं जोडलेले, सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा रेणू उलटा करून जोडलेला. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, तसं प्रत्येक विकर एकाच प्रकारची जोडणी ओळखतं. पुस्तकात 'विकरे विशिष्ट असतात' असं एक वाक्य असतं. सोलापुरी चादर पांघरून भाकरी खाणाऱ्या माणसानं ते वाक्य असं वाचावं: दोन्ही ग्लुकोजच्या, पण पोटात पचते ती एकच.

कडब्याचंही तेच. त्याच ज्वारीचं कणीस आपण घेतो आणि ताट बैलाला टाकतो. कडब्यातलं सेल्युलोज तोडणारं विकर माणसाकडं नाही. खरं तर ते बैलाकडंही नाही! त्याच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात आणि कडबा तोडायचं काम ते करतात. बैल त्यांना ऊब, ओल आणि बारीक केलेला चारा पुरवतो. बैल दुपारी सावलीत बसून रवंथ करतो तेव्हा तो या सूक्ष्मजीवांसाठी चारा दळत असतो. त्या कप्प्यात तयार होणारा मिथेन ढेकरांतून बाहेर पडतो. आपल्या पोटात सेल्युलोज न पचता पुढं सरकतं. त्यालाच आपण तंतुमय पदार्थ म्हणतो आणि पोट साफ राहायला त्याचा उपयोग होतो.

गिळल्यानंतर

आता तोंडातला घास. लाळेचा पीएच साधारण ६.८. टायलिन पिष्टाच्या साखळ्या तोडून माल्टोज बनवतं, म्हणून गोड चव. घास जठरात गेला की तिथं हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच १.५ ते २ च्या आसपास. तेवढ्या आम्लात टायलिन निकामी होतं. म्हणजे जठरात भाकरीच्या पिष्टाचं पचन जवळजवळ थांबतं. 'कर्बोदकांचे पचन कोठे सुरू होते' याचं उत्तर तोंड आणि 'प्रथिनांचे कोठे' याचं उत्तर जठर, ते यामुळं. पेप्सिनला आम्लच लागतं. चटणीतल्या शेंगदाण्याची प्रथिनं इथं तुटायला लागतात.

पुढं लहान आतड्यात दृश्य पालटतं. स्वादुपिंडाचा रस अल्कधर्मी असतो, तो आम्ल मारतो. त्यात तिन्हींसाठी हत्यारं असतात: पिष्टासाठी अमायलेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन, स्निग्ध पदार्थांसाठी लायपेज. ट्रिप्सिन अल्कधर्मी माध्यमात चालतं आणि पेप्सिन आम्लात. ठिकाण आणि माध्यम मनात जोडून ठेवलं की पाठांतराची गरज उरत नाही.

पित्तरस मात्र वेगळा. तो यकृतात बनतो आणि पित्ताशयात साठतो. बनतो कुठं आणि साठतो कुठं, यात मुलं दरवर्षी गुण घालवतात. त्यात एकही पाचक विकर नसतं. चटणीच्या तेलाचे मोठे थेंब फोडून तो बारीक करतो, म्हणजे लायपेजला काम करायला जास्त पृष्ठभाग मिळतो. तेलकट ताटाला साबण लावल्यावर जे होतं तेच. घोड्याला पित्ताशय नसतं, हेही कधीतरी विचारलं जातं.

चटणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. शेंग जमिनीखाली येते म्हणून तिला मूळ समजू नका. भुईमुगाचं फूल जमिनीवर येतं, फलन झाल्यावर त्याची आरी मातीत शिरते आणि तिथं शेंग भरते. म्हणून ते फळ. बटाटा खोड, रताळं मूळ, कांद्याच्या पाकळ्या म्हणजे पानांचे मांसल तळ. आणि आपलं डाळिंब? त्यात आपण खातो ते बियांचं रसाळ आवरण.

लहान आतडं सहा-सात मीटर लांब आणि त्याच्या आतल्या बाजूला रसांकुरांची मखमल. शेवटी माल्टेज हे विकर माल्टोजचे दोन तुकडे करतं आणि सुटं ग्लुकोज रक्तात उतरतं. दाण्यात जोडली गेलेली साखळी आता पूर्ण सुटली.

रक्तात उतरलेली साखर

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडं जात नाही. आधी यकृताकडं जातं. यकृत म्हणजे गावातलं गोदाम. साखर जास्त असेल तर ग्लायकोजेन करून ठेवतं, कमी पडली तर सोडतं. हुकूम स्वादुपिंडाचा. त्यातल्या लॅंगरहॅन्सच्या बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, त्यानं रक्तातली साखर उतरते. अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात, त्यानं चढते. स्वादुपिंड विकरंही बनवतं आणि संप्रेरकंही, म्हणून त्याला मिश्र ग्रंथी म्हणतात. बॅंटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळं काढलं. १९२३ चं नोबेल मात्र बॅंटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बेस्टचं नाव त्यात नाही, आणि प्रश्न तिथंच फसवतो.

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचं काय होतं, हा भाग मुलं घाबरून सोडून देतात. सोडू नका. पेशीद्रवात ग्लुकोजचे आधी दोन तुकडे होतात. याला ऑक्सिजन लागत नाही, आणि पदरात पडतात एटीपीचे फक्त दोन रेणू. एटीपी म्हणजे पेशीतलं सुटं चलन, लागेल तिथं लगेच खर्च करता येणारं. ते दोन तुकडे मग तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या भट्टीत, जातात आणि ऑक्सिजनच्या मदतीनं पूर्ण जळतात. जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजपासून एकूण ३८ एटीपी लिहिलेले असतात, नव्या हिशेबानं ३० ते ३२ धरतात. पर्यायांत ३८ असेल आणि नवा आकडा नसेल, तर ३८ वर खूण करा.

पहाटे मैदानावर १६०० मीटर धावणाऱ्या मुलांना हे शरीरात कळलेलंच असतं. शेवटच्या फेरीत वेग वाढवला की स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही. तंतुकणिका मागं पडते आणि स्नायू पहिल्या दोन एटीपींवर भागवू लागतात. त्या वाटेनं लॅक्टिक आम्ल तयार होतं. हाच कच्चा मार्ग यीस्टनं धरला तर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. दही लावताना जिवाणूंनी धरला तर लॅक्टिक आम्ल, म्हणून दही आंबट. एक गोष्ट मात्र मनात पक्की करा. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्लामुळं नाही, ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या बारीक चिरांचं असतं.

या भट्टीचे कामगार म्हणजे बी गटाची जीवनसत्त्वं. बी-१ नसेल तर ते दोन तुकडे तंतुकणिकेच्या कामाला लागतच नाहीत. सगळ्यात जास्त ऊर्जा लागणारे चेतातंतू आणि हृदय आधी ढासळतात, तोच बेरीबेरी. बी-३, म्हणजे नायसिन, हायड्रोजन वाहून नेतं. ते कमी पडलं की पेलाग्रा. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा आढळलेला आहे. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणा, भाजी हवी, ती नुसती चवीला नाही.

भट्टीबद्दल सगळ्यात ठसठशीत धडा मला गावाकडं मिळाला. ज्वारीचा कोवळा पोंगा, विशेषतः पाण्यावाचून सुकलेला, जनावरानं खाल्ला तर किराळ लागते. धाप लागते, जनावर लडखडतं, वेळेत डॉक्टर आले नाहीत तर दगावतं. त्या कोवळ्या पानांत एक पदार्थ असतो, त्यातून पोटात सायनाइड सुटतं. सायनाइड तंतुकणिकेतल्या शेवटच्या विकराला घट्ट धरून बसतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, श्वासही चालू असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं. ऑक्सिजन उतरवून घेणाराच कोणी नसतो. कार्बन मोनॉक्साइडनं माणूस मरतो त्याची वाट निराळी: तो वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीनं चिकटतो आणि ऑक्सिजनची जागाच अडवतो. कार्बन मोनॉक्साइडनं गाडीच अडवली, सायनाइडमध्ये गाडी पोचली पण माल उतरवायला हमाल नाही. 'श्वासोच्छ्वास' आणि 'पेशीय श्वसन' हे दोन शब्द वेगळे का, हे किराळ लागलेलं जनावर पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

ऑक्सिजनची गाडी

ही गाडी म्हणजे तांबडी पेशी. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतो, हे सगळ्यांना पाठ असतं. तिच्यात तंतुकणिकाही नसते. म्हणजे ती जो ऑक्सिजन वाहून नेते त्यातला कणभरही स्वतः वापरत नाही, त्या कच्च्या दोन एटीपींवरच आयुष्य काढते. आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. अस्थिमज्जेत दर सेकंदाला साधारण २० लाख नव्या पेशी तयार होतात आणि तितक्याच जुन्या मुख्यतः प्लीहेत मोडीत निघतात.

धमनी-शिरेचा प्रश्न रंगावरून सोडवू नका, दिशेवरून सोडवा. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडं आणते ती शीर. मग फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त का, याचं आश्चर्य वाटत नाही. ती हृदयापासून फुप्फुसाकडं ऑक्सिजन आणायलाच निघालेली असते. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं, मिनिटाला ७२ ठोके. गुणाकार करून बघा, ५ लिटर येतात. शरीरात रक्तही तेवढंच. म्हणजे निवांत बसलेल्या माणसाचं सगळं रक्त मिनिटाला एक चक्कर पुरी करतं.

रक्तगट कार्ल लॅंडस्टायनर यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले, १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तक्ता तुम्हाला येतोच. त्यात न बसणारा एक गट मात्र आपल्या राज्यातला. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नोंदवला, म्हणून त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. ए आणि बी हे प्रतिजन, म्हणजे तांबड्या पेशीवरच्या खुणा, ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या माणसांत नसतो. साध्या तपासणीत ते ओ वाटतात. पण ओ गटाच्या रक्तात एच असतो, म्हणून तेही त्यांना चालत नाही. त्यांना त्याच गटाचं रक्त लागतं.

मे महिना

घास जळाला, ऊर्जा मिळाली. उरलं काय? कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून गेला. पाणी, प्रथिनांपासून बनलेला युरिया आणि उष्णता राहिली. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढं असतो आणि शरीराला मात्र ३७ अंशच हवे असतात. बाहेर आतल्यापेक्षा जास्त गरम असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाणार कशी? एकच वाट उरते, घाम. एक लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यातला 'सुकताना' हा शब्द महत्त्वाचा. आपली हवा कोरडी, घाम लगेच उडतो आणि अंग गार राहतं. किनाऱ्यावर पारा कमी असूनही जीव घाबरा होतो, कारण दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो. आपल्याकडचा धोका वेगळा आहे. घाम दिसत नाही, त्यामुळं किती पाणी गेलं ते कळत नाही.

वृक्कांना, म्हणजे किडन्यांना, मात्र ते कळतं. प्रत्येक वृक्कात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर गाळतात आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतात. बाहेर पडतं दीड लिटरच्या आसपास. पाणी कमी पडलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं आणि एडीएच या संप्रेरकाचं प्रमाण वाढतं. ते वृक्काला आणखी पाणी परत घ्यायला लावतं. एडीएच बनतं हायपोथॅलॅमसमध्ये, सुटतं पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून. पुन्हा तोच पित्तरसासारखा सापळा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका मुलीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, लघवी गडद पिवळी होतेय. कावीळ तर नसेल?" डोळे पांढरे होते, भूक नीट होती, ताप नव्हता. सकाळपासून किती पाणी प्यालीस विचारलं, तर एक ग्लास. अभ्यासिकेतून सारखं उठावं लागू नये म्हणून ती पाणीच टाळत होती. मी तिला आधी पाणी प्यायला लावलं. दोन दिवसांत रंग उतरला नाही तर दवाखान्यात जायचं, असंही बजावलं. मग तो पिवळा रंग कुठून येतो ते सांगितलं. प्लीहेत मोडलेल्या तांबड्या पेशीतलं लोह शरीर काढून घेतं, पुन्हा वापरतं. उरलेल्या भागाचं बिलिरुबिन होतं. यकृत ते पित्तात टाकतं, आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलतात, त्यातलं थोडं रक्तात परत येतं आणि वृक्कातून गाळून बाहेर पडतं. यकृतानं ते काम सोडलं की बिलिरुबिन अंगात साठतं आणि डोळे पिवळे होतात, ती कावीळ. रोजचा फिकट पिवळा रंग मात्र चार महिने ऑक्सिजन वाहून थकलेल्या पेशींचाच असतो. पाणी कमी असलं की तोच दाट दिसतो.

तिनं वही उघडून 'प्लीहा'पासून 'वृक्क'पर्यंत एक बाण काढला, मध्ये यकृत आणि आतडं लिहिलं, आणि बाटली भरायला उठली.